लिहून झालं की परत वाचायला जीव नको होतो, तुमचं कसं?

निळी शाई:
गेली पाचेक वर्षं कथा लिहितेय. लिहिताना मस्त तंद्री लागते, तहान-भूक हरपते वगैरे सगळं होतं, पण एकदा शेवटचा पूर्णविराम दिला की परत त्या पानाकडे जायचं म्हणजे पाहुणे गेल्यावर मागची आवराआवर करायला बसल्यासारखं वाटतं. जे वाटायचं ते वाटून झालेलं असतं ना.

आता निमित्त असं झालं की दोन महिन्यांपूर्वी एका अंकाला कथा पाठवली होती. संपादकांचं उत्तर आलं, "गोष्ट चांगली आहे, पुनर्लेखन करून पाठवा." बास, एवढंच. मी काय केलं, चार-पाच ऱ्हस्वदीर्घ सुधारले, एका ठिकाणी सुंदर होतं तिथे रम्य केलं, दोन परिच्छेदांत जागा सोडली आणि दिली पाठवून. परत आली. तेच वाक्य, फक्त यावेळी पुनर्लेखन शब्दाखाली रेघ.

माझं मत खरं तर असं की पहिल्यांदा जे उतरतं तेच अस्सल, नंतर हात लावत बसलं की त्यातला जीव जातो. पण हल्ली शंका यायला लागलीय की हे मत आहे की नुसता आळस. तर प्रश्न असा: तुमच्यापैकी कुणाला स्वतःचं लेखन दुरुस्त करायला मनापासून आवडतं का? आणि आधी आवडत नसेल तर मग ते लागलं कसं?

उगाच एक:
आवडतं की. दुसऱ्याचं.

पाऊलवाट:
शाईताई, पूर्ण सहमत. मी कविता लिहितो आणि माझा अनुभव असा की कविता येते ती अख्खी येते, नाहीतर येत नाही. नंतर बसून शब्द बदलले की वृत्त सांभाळलं जातं, यमक जुळतं, सगळं होतं आणि कविता तेवढी निघून जाते. गद्याचं माहीत नाही.

मनमौजी:
बाडिस, म्हणजे बाय डिफॉल्ट सहमत.

जुना खिळा:
सुंदरचं रम्य केलंत हे वाचून हसलो, राग मानू नका. मी आयुष्यभर मुद्रितशोधनाचं काम केलं, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायच्या काळापासून ते पार संगणकापर्यंत, त्यामुळे या विषयावर जरा जास्तच बोलेन.

तीन वेगवेगळी कामं आहेत आणि बहुतेक लेखक त्यांची भेळ करतात. मुद्रितशोधन म्हणजे वेलांटी, अनुस्वार, सुटलेलं अक्षर, दोनदा पडलेली ओळ. हे सगळ्यात शेवटी करायचं काम आणि खरं सांगायचं तर ते दुसऱ्याने करावं, कारण स्वतःचं लिहिलेलं वाचताना डोळा कागदावरचं वाचतच नाही, डोक्यातलं वाचतो. दुसरं काम संपादन. वाक्य लांबलंय का, एकच गोष्ट तीनदा सांगितलीय का, कोण कुणाशी बोलतंय ते कळतंय का. आणि तिसरं पुनर्लेखन, म्हणजे गोष्ट नक्की कुणाची आहे, ती सुरू कुठे व्हायला हवी, यातला कुठला प्रसंग मी घडताना दाखवायचं टाळून नुसता उरकून टाकलाय, हे बघायचं आणि ते भाग खरोखर नव्याने लिहायचे. संपादकांनी तुमच्याकडे तिसरं मागितलं आणि तुम्ही पहिलं दिलंत. सुंदर-रम्य तर तिन्हीत बसत नाही, त्याला मी चादर झटकणं म्हणतो.

बहुतेकांना ज्याचा कंटाळा येतो तो पहिल्या कामाचा. आणि तिसऱ्याची भीती वाटते. आपण दोन्हीला कंटाळाच म्हणतो.

निळी शाई:
अरे बापरे. शेवटची ओळ वाचून जरा वेळ स्क्रीनकडे बघत बसले. काका (काकाच ना?), पण भीती कसली असते मग?

जुना खिळा:
काका चालेल, आजोबाही चालेल. भीती ही की गोष्ट आपल्याला वाटली होती तेवढी नाहीये असं लक्षात येईल. येतंच. सगळ्यांच्या येतं. पहिल्या खर्ड्यात ती तेवढी नसतेच, ती डोक्यात तेवढी असते.

अर्धविराम:
मला तर लिहिण्यापेक्षा खोडण्यातच जास्त मजा येते :) कोरा कागद बघून पोटात गोळा येतो, पण काहीतरी वाईटसाईट का होईना लिहिलेलं असेल की मग सुटते मी.

अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेची गोष्ट माहितीय का? १९५८ साली छापून आलेल्या एका मुलाखतीत त्याने सांगितलं होतं की एका कादंबरीचा शेवट, म्हणजे अगदी शेवटचं पान, त्याने ३९ वेळा लिहिलं. पुढे त्याच्या कागदपत्रांत मोजले तर शेवट निघाले ४७, आणि २०१२ साली त्या कादंबरीची जी आवृत्ती आली तिच्यात ते सगळे मागे छापले. म्हणजे त्याने उलट कमीच सांगितले होते.

उगाच एक:
४७ शेवट? आमची गोष्ट एकदाही शेवटापर्यंत जात नाही आणि हे लोक ४७ वेळा जाऊन परत येतात.

चकवा:
होरेस नावाचा तो रोमन कवी तर म्हणून गेलाय की लिहिलेलं नऊ वर्षं ठेवून द्या आणि मग बाहेर काढा.

उगाच एक:
नऊ वर्षांत माझा पासवर्ड मी विसरलेला असेन.

पाऊलवाट:
हेमिंग्वे गद्यवाला आहे. मी मघाशी कवितेबद्दल बोललो होतो. तरी प्रामाणिकपणे स्वतःच्याच विरोधात एक गोष्ट सांगतो. रवींद्रनाथ टागोरांच्या हस्तलिखितांची चित्रं मी पाहिली आहेत. ते कवितेतले शब्द खोडायचे आणि ती खाडाखोड नुसती सोडून न देता एकमेकांना जोडत जायचे, मग त्यातून पक्षी, चेहरे, कसले कसले प्राणी तयार व्हायचे. १९२४ च्या सुमाराची त्यांची एक वही अशा चित्रांसाठी प्रसिद्ध आहे, आणि पुढे साठी उलटल्यावर ते जे चित्रकार झाले त्याची सुरुवात या खाडाखोडीतच बघतात. म्हणजे खोडत तेही होते, आणि भरपूर. मान्य. पण माझी खोडलेली ओळ गिरगोट्यासारखीच दिसते हो.

अर्धविराम:
पाऊलवाट, म्हणजे कविता अख्खी येते हे मत मागे घेतलं का?

पाऊलवाट:
नाही. येते अख्खीच. कधीकधी चुकीची येते.

मनमौजी:
वर फक्त बाडिस म्हणून गेलो होतो, आता सविस्तर. माझी एक साधारण वीस पानांची कथा होती, लॅपटॉप बंद पडला आणि त्यात गेली. बॅकअप शून्य. दोन दिवस सुतक पाळल्यासारखा बसलो, मग चिडून आठवेल तशी परत लिहून काढली, ती झाली तेरा पानांची. मला वाटलं अर्धीअधिक सुटली असणार, हळहळत मित्राला वाचायला दिली तर तो म्हणाला ही तुझी आजवरची सगळ्यात बरी कथा. पुढे सहा महिन्यांनी जुनी प्रत मेलमध्ये सापडली, मीच कधीतरी स्वतःला पाठवून ठेवली होती. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या. आठवणीतून काय गळलं होतं माहितीय का? हवामान. सगळं हवामान गेलं होतं. आणि नायकाच्या मनात कालवाकालव होते ती पण. घटना, संवाद आणि एक निळा डबा एवढं जसंच्या तसं राहिलं होतं.

त्यानंतर मी हे मुद्दाम करतो, पहिला खर्डा बंद करून ठेवायचा आणि न बघता परत लिहायचा. सगळ्यांना जमेल असं नाही, वेळ फार जातो, पण जे आठवत नाही ते बहुधा नको असतं.

भोचक भवानी:
निळा डबा कशाचा होता?

मनमौजी:
ते कथेत आहे.

चकवा:
मी मोठ्याने वाचतो. सुरुवातीला लाज वाटायची, घरी कुणी नसताना वाचायचो, आता बिनधास्त. फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकायचं. जिथे आपलाच श्वास अडकतो ते वाक्य लांब झालंय, जिथे आपण भरभर वाचून पुढे सटकतो तिथे आपल्यालाच कंटाळा आलाय, आणि संवाद तर ऐकले की पाच मिनिटांत पितळ उघडं पडतं. माझ्या एका कथेत दहा वर्षांचा पोरगा आईला म्हणत होता "मी तुला काही सांगू इच्छितो". सहा वेळा डोळ्यांनी वाचून मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. ऐकलं तेव्हा वाटलं पोरगा आईला राजीनामा देतोय.

उगाच एक:
ह.ह.पु.वा. (हसून हसून पुरेवाट)

अर्धविराम:
फॉन्ट बदलून वाचणं हाही एक उपाय आहे. किंवा छापून घेणं. पान वेगळं दिसलं की ओळी वेगळ्या जागी तुटतात आणि दुसऱ्याचं वाचल्यासारखं वाटतं. जुने काका म्हणाले ना डोळा डोक्यातलं वाचतो, त्याला थोडं फसवायचं.

अवांतर: तुमच्या फाइलींची नावं काय असतात? माझी सध्याची "कथा फायनल नवी खरंच फायनल ३".

उगाच एक:
"कथा". एकच आहे. लाजते.

भोचक भवानी:
हे सगळं ज्ञान ठीक आहे, पण नुसत्या गप्पांनी काय कळणार? शाई, त्या परत आलेल्या कथेतला एक परिच्छेद टाक ना इथे. बघू तरी संपादकाला काय खुपलं.

निळी शाई:
इथे? सगळ्यांसमोर? बरं. हा सुरुवातीचा परिच्छेद. थोडं प्रेमाने घ्या.

"संध्याकाळची वेळ होती. सूर्य मावळतीकडे झुकला होता आणि आकाशात केशरी रंगांची उधळण झाली होती. सुमन मनातून अतिशय खिन्न होती. बाबांच्या आठवणींनी तिच्या मनात काहूर माजलं होतं. ती जड पावलांनी मागच्या अंगणात गेली. तिथे ती जुनी, गंजलेली शिडी एकाकीपणे भिंतीला टेकून उभी होती, जणू काही तिलाही बाबांची आठवण येत होती. शेजारच्या काकांकडून बाबांनी ती अकरा वर्षांपूर्वी मागून आणली होती आणि परत करायची राहूनच गेली होती. सुमनने ती उचलली आणि ती काकांच्या घराकडे निघाली. तिच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले."

सोनचाफा:
खूप सुंदर लिहिलंय, डोळ्यांत पाणी आलं. पुढील लेखनाला शुभेच्छा.

उगाच एक:
सोनचाफा, सुमनच्या डोळ्यांत की शिडीच्या? मी शेवटचं वाक्य तीनदा वाचलं आणि दर वेळी शिडी रडतेय.

निळी शाई:
अगं आई गं. खरंच की.

अर्धविराम:
हाहा, हे फार भारी पकडलं. सुमन पण ती, शिडी पण ती, आठवण पण स्त्रीलिंगीच. पाच वेळा ती, दोन वेळा तिच्या, एकदा तिलाही. मराठीत ही गंमत आहे, क्रियापद पण लिंगाप्रमाणे बदलतं म्हणून आपल्याला वाटतं सगळं स्पष्टच आहे, पण एका वाक्यात दोन स्त्रीलिंगी नामं आली की संपलं. "ती काकांच्या घराकडे निघाली" वाचताना शिडी स्वतःहून चालायला लागली माझ्या डोळ्यांसमोर.

जुना खिळा:
आणखी एक मोजून बघा. नऊ वाक्यं आहेत आणि होता, होती, होतं मिळून नऊ वेळा. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे ते सारखं एकच आलं की गद्याला नको असलेलं यमक लागतं. होती, होती, होती, पाळण्यासारखं झुलायला लागतं आणि वाचणारा पेंगतो. प्रत्येक होती मारायचं असं नाही. पण "मागून आणली होती" ऐवजी "मागून आणलेली" म्हटलं, कुठे सरळ "परत करायची राहिली" म्हटलं, एखादं वाक्य क्रियापदाशिवाय सोडलं, तर चाल मोडते. बोलताना आपण हे आपोआप करतो. लिहायला बसलो की शाळेतला निबंध अंगात येतो.

खोडरबर:
आता मी. पहिली पाच वाक्यं काढा. सूर्य काढा, केशरी काढा, खिन्न काढा, काहूर काढा (काहूर माजण्याशिवाय दुसरं काही करतं का हो कधी?), जणू काही काढा, अश्रू काढा. उरतं ते असं:

"शिडी काकांची. बाबांनी अकरा वर्षांपूर्वी आणली. परत द्यायची राहिली. सुमनने उचलली."

संपलं. धन्यवाद.

पाऊलवाट:
ही कथा आहे का तार? "शिडी काकांची स्टॉप बाबा गेले स्टॉप". शाईताई, ऐकू नका. आणि "जणू तिलाही आठवण येत होती" ही ओळ मला आवडली, ती राहू दे. सगळंच कोरडंठाक केलं पाहिजे असा नियम कुणी केला?

खोडरबर:
भावना वाचकाला वाटली पाहिजे, पात्राला वाटली असं कळवून भागत नाही. सुमन खिन्न होती हे मला सांगू नका, मला शिडी दाखवा.

पाऊलवाट:
दाखवा दाखवा ऐकून कान किटले. ज्ञानेश्वरांपासून आपल्याकडे उपमा आहेत, त्यांना कुणी म्हणालं का दृष्टांत काढा म्हणून.

उगाच एक:
धागा पेटला. पाणी कुणाकडे आहे?

मनमौजी:
खोडरबर, तुमची चार वाक्यं वाचली तर ती शाईची गोष्ट राहत नाही, तुमची होते. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरचं असंच झालेलं. १९८१ साली आलेल्या त्याच्या कथासंग्रहाचं संपादन गॉर्डन लिश या संपादकाने केलं, जवळपास अर्धा मजकूर उडवला, काही कथांचे शेवट बदलले. छापण्याआधी कार्व्हरने त्याला काकुळतीला येऊन पत्र लिहिलं की हे थांबव. ते काही थांबलं नाही, पुस्तक आलं, गाजलं, आणि कार्व्हर म्हणजे तुटक-तुटक कमीत कमी शब्दांत लिहिणारा अशी त्याची ख्याती झाली. मूळ कथा, त्याने लिहिल्या होत्या तशा, पुस्तकरूपात आल्या २००९ साली. तोवर त्याला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. लोक अजून भांडतात कुठल्या जास्त चांगल्या यावर. मला विचाराल तर काही लिशच्या चांगल्या आहेत, पण त्या कार्व्हरच्या आहेत का हा प्रश्न राहतोच.

खोडरबर:
मान्य. म्हणूनच दुसऱ्याने कापण्याआधी स्वतः कापावं. मी चार ओळी दिल्या त्या जशाच्या तशा घ्यायला नाही दिल्या, हाडं कुठे आहेत ते दाखवायला दिल्या. आणि शाई, एक खरं सांगतो, तुझ्या परिच्छेदात एक अफलातून गोष्ट आहे आणि ती तू सातव्या वाक्यात लपवून ठेवलीयस. अकरा वर्षं न परत केलेली वस्तू. मी असतो तर तिथून सुरू केलं असतं.

भोचक भवानी:
मला एक साधी शंका आहे. शिडी गंजलेली आहे, म्हणजे लोखंडी. भिंतीला टेकून उभी, म्हणजे घडीची नाही, लांबलचक असणार. ती सुमनने एकटीने उचलली? आणि रडत रडत काकांकडे घेऊन गेली? आमच्याकडे आहे तशी, दोघं लागतात आणि तिसरा "अरे बघून" असं ओरडायला.

निळी शाई:
भवानी, ही काय शिडीची परीक्षा चालू आहे का? कथेत ती प्रतीक आहे गं.

भोचक भवानी:
असेल. पण प्रतीक उचलताना पण वजन लागणार ना.

जुना खिळा:
ही शंका हसण्यावारी नेऊ नका.

निळी शाई:
खरं सांगू, मला आता थोडा वैताग आलाय. सूर्य नको, अश्रू नको, शिडी पण उचलायची नाही. मग उरतं काय? जाते मी. सगळ्यांना धन्यवाद.

उगाच एक:
गेली. भवानीने पळवली.

भोचक भवानी:
मी फक्त विचारलं.

सोनचाफा:
मला तरी आवडलं होतं :(

अर्धविराम:
येईल परत, मी पण अशी दोन-तीनदा रुसून गेलेय. तोपर्यंत एक युक्ती सांगून ठेवते, काढलेल्या ओळी पुसून टाकायच्याच नाहीत. माझी एक वेगळी फाइल आहे, नाव अडगळ. जे कापलं ते तिथे नेऊन टाकायचं. मग हात थरथरत नाही, कारण मारून टाकत नाही आपण, माळ्यावर ठेवतो. गेल्या सहा-सात वर्षांत तिथून मी किती ओळी परत आणल्या असतील? दोन.

मनमौजी:
दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर नवीन लोकांना वाटेल घासत बसलं की झालं. मी एका कादंबरीचं पहिलं प्रकरण दोन वर्षं घासलं. अतिशय चकचकीत झालं. दुसरं प्रकरण आजतागायत नाही. शेवटपर्यंत एकदा जाऊन यायचं आणि मगच मागे वळायचं हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण शेवट माहीत नसताना सुरुवात दुरुस्त करणं म्हणजे कुठे जायचंय ते ठरायच्या आधीच सामान बांधत बसणं.

चकवा:
पण थांबायचं कधी हे कसं कळतं?

जुना खिळा:
आज बदललेलं उद्या परत पहिल्यासारखं करायला लागलात की पेन खाली ठेवायचं. निदान महिनाभर तरी.

निळी शाई:
आले. (तीन दिवस झाले ना?)

झालं असं की भवानीचा राग आला म्हणून मी ठरवलं की तिला सिद्ध करून दाखवायचं, सुमन शिडी उचलू शकते. म्हणून त्या प्रसंगात परत शिरले. ती अंगणात उभी आहे, हात लावते, ओढते, आणि नाहीच उचलत हो! मला दिसायलाच लागलं की हलत नाहीये. मग आता हिने करायचं काय? कुणालातरी बोलवायला पाहिजे. आणि शेजारी आहे कोण, तर काकाच. म्हणजे ज्याची शिडी त्यालाच सांगायचं, तुमची शिडी तुम्हाला परत करायचीय, जरा एक बाजू धरता का. हे सुचलं तेव्हा मी घरात एकटीच मोठ्याने हसले, आणि मग दोन मिनिटांनी रडले. पहिल्या खर्ड्यात सुमन रडत होती तेव्हा मी रडले नव्हते, हे पण तेव्हाच लक्षात आलं.

आधीच्या कथेत काका शेवटी दार उघडून "अरेरे" म्हणायला फक्त येत होते. आता अख्खी कथा त्या दोघांची झालीय. दोघं मिळून शिडी नेतात एवढीच. टाकते नवा परिच्छेद:

"शिडी बाबांनी एका दिवसासाठी म्हणून मागून आणलेली. त्याला अकरा वर्षं झाली. सुमनने भिंतीपासून ओढून बघितली तर जेमतेम वीतभर सरकली. मग हात तसेच गंजाने माखलेले घेऊन ती शेजारी गेली आणि म्हणाली, काका, तुमची शिडी परत करायचीय, एक बाजू धराल का? काका चपला घालून निघाले. खालून तिसरी पायरी बाबांनी तारेने बांधलेली, तात्पुरती. काकांनी नेमका तिथेच हात घातला, तारेचे वेढे चाचपले, आणि मग हात काढून एक पायरी पुढे धरलं. उन्हं उतरलेली, थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होती. शिडी आडवी धरून दोघं फाटकाशी आले आणि आधी कोणी वळायचं ते कुणालाच ठरवता येईना."

खोडरबर:
सूर्य ठेवलास.

निळी शाई:
ठेवला. पण आता तो काहीतरी काम करतोय, काकांच्या डोळ्यांत पाणी का आलं हे त्यांना सांगावं लागणार नाही पुढच्या परिच्छेदात.

खोडरबर:
मागे घेतो. राहू दे.

पाऊलवाट:
माझी ओळ गेली.

निळी शाई:
अडगळ नावाची फाइल केलीय, त्यातली पहिली ओळ तुमचीच आहे.

चकवा:
मोठ्याने वाचून बघितलं. "तात्पुरती" वर आपोआप थांबायला होतं. एकच, "आधी कोणी वळायचं ते कुणालाच ठरवता येईना" जरा अडखळतं. "आधी कोणी वळायचं ते ठरेना" एवढंच?

निळी शाई:
हो, घेतलं. हे कालपासून मला पण टोचत होतं पण कुठे ते कळत नव्हतं.

जुना खिळा:
होती एकच उरलं, तेही योग्य जागी. आणि आता कोण रडतंय याचा घोटाळा नाही, कारण कुणीच रडत नाही. संपादकांना पाठवायची घाई मात्र करू नका, मधला भाग अजून जुन्या सुमनचा असेल, तिला हे काकांना बोलावणं माहीतच नाही.

निळी शाई:
हो ना! मधली चार पानं आता खोटी वाटायला लागलीयेत. तिथे ती एकटी बसून आठवणी काढते नुसती. ती सगळी परत लिहायला लागणार.

अर्धविराम:
मग? मूळ प्रश्नाचं काय, आवडायला लागलं का?

निळी शाई:
आवडतं म्हणवत नाही अजून. वेलांट्या बघायचा कंटाळा तेवढाच आहे. पण काल रात्री एकदा बघूया म्हणून बसले ते दोन वाजले, आणि तेव्हा ते पाहुणे गेल्यावरचं आवरणं वगैरे काही डोक्यात आलं नाही. पाहुणे गेलेच नव्हते बहुतेक.

उगाच एक:
मला पण माझी ती एकुलती एक कथा उघडावीशी वाटतेय. धाग्याचा दुष्परिणाम. सात वर्षं झाली, होरेसच्या हिशोबाने अजून दोन बाकी आहेत.

भोचक भवानी:
शाई, मस्तच झालंय. फक्त एक विचारू?

निळी शाई:
विचार.

भोचक भवानी:
शिडी आडवी धरून फाटकातून जाईल का? उभ्या लांबीत धरावी लागेल, एक पुढे एक मागे. म्हणजे मागच्याला पुढच्याची पाठ दिसत असणार. मग मागे कोण आहे, सुमन की काका? कारण मागच्याला चेहरा दिसणार नाही, आणि ऊन डोळ्यांवर येणार ते एकाच्याच.

निळी शाई:
थांब गं, फाइल उघडतेय.